नवरोंगोचा दरबार

(पहाट. लाल मातीचा रस्ता. लांबून मोटरसायकलचा आवाज.)

घानाच्या अगदी उत्तरेला, बुर्किना फासोच्या सीमेजवळ, नवरोंगो. इथल्या खेड्यांत घरं एकमेकांना खेटून नसतात. एका कुटुंबाचा मातीचा वाडा, मग बाजरीचं शेत, मग पुढचा वाडा. तापानं फणफणलेलं लेकरू पाठीशी बांधून आईनं किती चालायचं?

नर्स होत्या. सरकारनं त्यांना खास खेड्यांसाठी शिकवलं होतं. पण खेड्यात राहायला खोली नव्हती, म्हणून त्या मोठ्या गावच्या केंद्रातच बसत. ‘मुख्यालयी राहत नाहीत’ ही तक्रार आपल्यालाही नवी नाही.

१९९४ साली इथल्या आरोग्य संशोधन केंद्रानं तीन गावांत प्रयोग मांडला. आधी गावप्रमुखांना विचारलं, वडीलधाऱ्यांना विचारलं. अशा गावसभेला इथं ‘दरबार’ म्हणतात. होय, आपल्या ओळखीचाच शब्द. इंग्रजांनी हिंदुस्थानातून उचलला, आफ्रिकेत नेला आणि तो तिथलाच झाला. दरबार भरतो, ढोल वाजतात, आणि बोलणं निघतं लसीचं, पाळणा लांबवण्याचं.

(मातीच्या भिंती लिंपणारे हात.)

श्रमदानातून गावानंच नर्सबाईचं घर उभं केलं. तिथंच दवाखाना, तिथंच मुक्काम. फिरायला मोटरसायकल. वाड्यावाड्यांत जाऊन ती मलेरियाच्या गोळ्या देई, जुलाबाला जलसंजीवनी देई. कुटुंबनियोजनाचं काम अवघड. वाड्याच्या कर्त्या पुरुषाला विचारल्याशिवाय बाई पाऊल उचलत नसे. म्हणून दरबारात पुरुषांशी उघड चर्चा, आणि घरात बाईशी हळू आवाजात.

पुढे प्रयोग वाढला. काही भागांत नर्स राहायला गेली, काही भागांत फक्त गावचे स्वयंसेवक, काही भागांत दोन्ही, आणि एक भाग तुलनेसाठी जसाच्या तसा. नर्स जिथं राहायला आली, तिथं बालमृत्यू घटले. एकट्या स्वयंसेवकांना ते जमलं नाही. नर्स आणि स्वयंसेवक जोडीनं होते, तिथं जन्मदरही उतरला.

१९९९ मध्ये घानानं हे राष्ट्रीय धोरण केलं. त्याचं लांबलचक इंग्रजी नाव आखडून लोक चक्क ‘चिप्स’ म्हणतात. पण गाडं अडलं ते बांधकामावर. अनेक जिल्ह्यांत पक्की इमारत होईपर्यंत नर्स पाठवायची नाही, अशी वाट बघणं सुरू झालं. मूळ घरं तर मातीची होती!

(मोटरसायकल वाड्यासमोर थांबते. झाडाच्या फांदीला ताणकाटा टांगला जातो.)

पहिलं बाळ झोळीत बसतं, आणि भोकाड पसरतं.