गिळायची की ओढायची?

श्रोतेहो, नमस्कार. औषधाच्या दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूला माझी बरीच वर्षं गेली. गोळ्या पिशवीत घालता घालता आम्ही विचारतो, "कळलं ना कशा घ्यायच्या?" समोरचा मान हलवतो, आम्ही पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. त्या हललेल्या मानेवरचा माझा विश्वास उडाला तो तात्यांमुळे.

तात्या आमच्या कोल्हापूरकडचे गुळवे, म्हणजे गुऱ्हाळात गूळ शिजवणारे. रस उकळायची मोठी कढई, म्हणजे काहील, कधी उतरवायची हे रसाचा रंग बघून सांगणार, आणि त्यांचा शब्द म्हणजे शब्द. पण चुलवाणाच्या, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीच्या, धुरानं आणि चिपाडाच्या धुळीनं त्यांना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी पंपाच्या कॅप्सूल लिहून दिल्या, सोबत ते ओढायचं छोटं यंत्र. मी दोन्ही पिशवीत घातलं आणि म्हणालो, "तात्या, सकाळ-संध्याकाळ एकेक घ्या." तात्यांनी मान हलवली.

आठ दिवसांनी दारात उभे. "भाऊ, काय फरक नाय बघा. चार पावलं चाललो की भाता सुरू."

म्हटलं, "घेता कशी, दाखवा बरं." त्यांनी खिशातली कॅप्सूल काढली, जिभेवर ठेवली, समोरच्या हॉटेलातून माझ्यासाठी आलेला चहा उचलला आणि गटकन गिळून मोकळे झाले. माझा चहाही गेला.

"आणि ते यंत्र?"

"नातू वाजवतोय की दिवसभर. शिट्टी न्हवं ती?"

हसलो मी, पण खरं सांगू? चूक माझी. मी म्हणालो होतो 'घ्या'. आपण चहा घेतो, श्वास घेतो, सुट्टी घेतो, गोळीही घेतो. या एका क्रियापदानं आमच्या धंद्यात जेवढे घोळ घातलेत, तेवढे डॉक्टरांच्या अक्षरानंही घातले नसतील. त्या अक्षराला उगाच नावं ठेवतात लोक.

मग समजावलं. कॅप्सूल यंत्रात बसवायची, फिरवायची, म्हणजे ती आत उघडते. श्वास पूर्ण सोडायचा, ओठ घट्ट मिटून जोरात ओढायचं, दहापर्यंत आकडे मोजत रोखायचं. आत ते नुसतं पीठ असतं, 200 मायक्रोग्रॅम साल्ब्युटामॉल. त्याच औषधाची गिळायची गोळी 2 किंवा 4 मिलिग्रॅमची, म्हणजे दहापट, वीसपट. श्वासातून औषध थेट नळ्यांत जातं, म्हणून चिमूटभर पुरतं. तीच चिमूट गिळली तर पोट, आतडं, यकृत एवढा प्रवास करून छातीपर्यंत पोचणार किती?

तात्या म्हणाले, "म्हंजे चुलवाणाचा जाळ घरातल्या चुलीला घालून काहील उकळंल म्हणून बसलो की मी!" इतकं नेमकं मला कॉलेजातही कुणी शिकवलं नव्हतं.

तर श्रोतेहो, औषध कोणतं हे विचाराच, पण ते जायचं कुठून हेही विचारा. पुन्हा सांगतो, जायचं कुठून? छातीत कळ आल्यावर घ्यायची गोळी जिभेखाली ठेवतात, कारण तिथून ती यकृताला वळसा घालून सरळ रक्तात उतरते. ती गिळली की वेळ गेला. इन्शुलिन हे प्रथिन, पोटात गेलं तर डाळीसारखं पचून जाईल, म्हणून सुई. नावापुढे 'एसआर' लिहिलेली गोळी दिवसभर हळूहळू सुटण्यासाठी बनवलेली असते. आजीला गिळवत नाही म्हणून ती खलबत्त्यात कुटलीत, तर दिवसाचा डोस एकदम अंगावर येतो. पातळ औषधाला बाटलीसोबतचं मापच वापरा. आपल्या घरात दोन चमचे सारखे असतात का?

आणि हो, चार गोळ्या मागितल्या की दुकानदार कात्रीनं पट्टी कापतो आणि मुदतीची तारीख नेमकी उरलेल्या तुकड्यावर राहते. मला त्या कात्रीचा भयंकर राग आहे. मीही वापरली आहे, तरी आहे. तारीख बघून, लिहून घेऊनच पायरी उतरा.

तात्यांचं राहिलंच. ओढून झाल्यावर कॅप्सूल उघडून आत पीठ उरलं नाही ना ते बघा, असंही मी सांगितलं होतं. महिन्यानं आले ते एका हातात गुळाची ढेप आणि दुसऱ्या हातात तंबाखूची जुनी डबी घेऊन. डबी काउंटरवर उपडी केली. महिन्याभराची सगळी रिकामी टरफलं!

"मोजून घ्या भाऊ. एकातबी पीठ गावणार न्हाई. आणि नातवाला दुसरी शिट्टी आणलीया."