बारवेतलं शेवाळ

श्रोतेहो, नमस्कार. दिवाळीनंतर बारवेच्या पायऱ्या उतरलात, तर पाण्यावर केसांच्या गुंत्यासारखं हिरवं शेवाळ दिसेल. आपण ते काठीनं बाजूला सारतो आणि घागर बुडवतो. परभणीजवळच्या एका बारवेतला त्याचा एक धागा काल मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, आणि तासभर जागचा हललो नाही.

हा स्पायरोगायरा. उसाच्या पेरांसारख्या पेशी एकापुढे एक. प्रत्येकीत भिंतीलगत पीळ घेत जाणारी हिरवी फीत, म्हणजे हरितलवक. फितीवर ठिपके असतात. आयोडीनचा थेंब सोडला की त्या ठिपक्यांभोवतीचा स्टार्च काळानिळा होतो. आणि मधोमध केंद्रक, जीवद्रव्याच्या बारीक दोऱ्यांवर पाळण्यासारखं टांगलेलं.

आता आपल्या कपाशीचं पान बघा. तीच दोन हरितद्रव्यं, हरितलवकातच साठवलेला तोच स्टार्च, सेल्युलोजची तशीच पेशीभित्ती. हे नातं रक्ताचं आहे. सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी वनस्पती जमिनीवर आल्या, त्या समुद्रातून नव्हे, गोड्या पाण्यातल्या हिरव्या शेवाळांच्या एका शाखेतून. त्यातलं सर्वांत जवळचं भावंड म्हणजे कॅरा, असं बरीच वर्षं मानत. चुन्याचा थर चढलेलं, लसणासारख्या वासाचं, दिसायलाही झाडासारखं. पण २०१४ साली शंभरेक जातींची जनुकं ताडून पाहिली, तेव्हा तो मान स्पायरोगायराच्या कुळाकडे गेला. या साध्या धाग्याकडे!

मला यात नवल वाटतं ते पाण्याच्या ताणाचं. पाणी आटत चाललं की स्पायरोगायराचे दोन धागे शेजारी येतात, मधे नळी तयार होते, एका पेशीतलं सगळं दुसरीत सरकतं. त्यातून जाड कवचाचा बीजाणू बनतो आणि चिखलात पावसाची वाट बघत पडून राहतो. याच कुळातल्या दोन शेवाळांचा जनुकसंच २०१९ मध्ये वाचला गेला. कोरड सोसायला लागणारी काही जनुकं त्यांच्या पूर्वजांना मातीतल्या जिवाणूंकडून मिळाली असावीत, असं त्यातून दिसलं. आज उघडीप लांबली की कपाशी पानांची रंध्रं मिटून घेते. रंध्रं मिटण्याचा निरोप ओळखणाऱ्या जनुकांचे नातलग या शेवाळांतही आहेत.

मे महिन्यात बारवेचा तळ भेगाळेल. तिथलं एक ढेकूळ घरी आणा, काचेच्या ग्लासात पाणी घालून खिडकीत ठेवा, आणि रोज सकाळी डोकावत जा.