यकृत मोठं का झालंय?

मित्रहो, विषय आहे लिम्फोमा, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचा कॅन्सर, आणि त्यामुळे अचानक निकामी होणारं यकृत. पण आधी सोनोग्राफीच्या रिपोर्टबद्दल बोलू द्या. रेडिओलॉजिस्ट मंडळी पुढच्याच रांगेत आहेत, त्यांनी दचकू नये. ते बरोबरच लिहितात. माझा राग वाचणाऱ्यांवर आहे.

एक तरुण रुग्ण. आधी ताप, मग डोळे पिवळे, आयएनआर चढलेला, म्हणजे रक्त गोठायला उशीर, भरती झाल्यावर रात्रीतून बरळायला लागला. हिपॅटायटिसच्या चाचण्या निगेटिव्ह, पॅरासिटामॉल जास्त घेतलेलं नाही. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, यकृत बरंच वाढलेलं, गाठ नाही. सगळ्यांनी ‘गाठ नाही’ तेवढं वाचलं आणि कॅन्सरचा विषय तिथेच मिटला. फाइल जाड होत गेली, पोटावर हात मात्र कुणी ठेवला नाही. ठेवला असता तर यकृताची कडा पार बेंबीजवळ लागली असती. एलडीएच, म्हणजे पेशी मरताना रक्तात वाढणारं एन्झाइम, हजारांत गेलेलं. ‘यकृत बिघडलंय, वाढणारच’ म्हणून तो कागद उलटला गेला. लिम्फोमाचं निदान झालं ते शवविच्छेदनात.

विषाणूमुळे किंवा औषधामुळे यकृताच्या पेशी भराभर मरतात, तेव्हा यकृत बहुधा आकसत जातं. ते फुगत असेल तर आत काहीतरी भरतंय, हे डोक्यात यायला हवं. विद्यार्थ्यांना पोट तपासायला सांगितलं की म्हणतात, सर, स्कॅन झालाय ना! अहो, स्कॅनमध्ये गाठ दिसते. इथे गाठच नसते.

पाचच मिनिटं उरली? बरं, मूळ मुद्दा भरभर सांगतो.

बर्किट, डिफ्यूज लार्ज बी-सेल, काही टी-सेल लिम्फोमा. यांच्या पेशी कालव्यात गाळ साचावा तशा सायनुसॉइडमध्ये, म्हणजे यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्यांमध्ये, भरतात. रक्त अडतं, यकृतपेशी ऑक्सिजनअभावी मरतात. रक्तातलं लॅक्टेट (लॅक्टिक आम्ल) चढतं, कारण लिम्फोमाच्या पेशी ते बनवतात आणि यकृताला ते निचरता येत नाही. फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन) प्रचंड आणि प्लेटलेट घसरलेल्या असतील तर हिमोफॅगोसायटिक सिंड्रोमही शोधा, म्हणजे प्रतिकारशक्ती बेफाम होऊन आपल्याच रक्तपेशी गिळते ती अवस्था.

निदानाला यकृताचा तुकडा हवा. रक्त गोठत नाही, म्हणून पोटातून सुई घालू नका. मानेच्या शिरेतून जा. बोन मॅरोची (अस्थिमज्जेची) तपासणीही त्याच दिवशी. तुकडा हाती आला की लगेच स्टिरॉइड. रुग्ण कोसळत असेल तर तुकड्यासाठीही थांबू नका. मात्र पोटॅशियम, युरिक ॲसिडवर नजर ठेवा, पेशी एकदम फुटल्या तर मूत्रपिंडं जातात. रिटुक्सिमॅब या बी-सेल लिम्फोमावरच्या औषधाआधी हिपॅटायटिस बीचं पृष्ठभागी अँटिजेन आणि कोअर अँटिबॉडी, दोन्ही तपासा.

‘बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य) उतरलं की केमो’ हे मला पटत नाही. ते चढलंय लिम्फोमामुळेच, मग उतरणार कशाने? डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या औषधांचे डोस कमी करावे लागतात, ते करा, पण सुरुवात करा. बहुतेक रुग्ण दगावतात. जे थोडे वाचले, ते बहुतांशी वेळेत केमो मिळालेलेच. आणि प्रत्यारोपणाचा विचार सुरू झाला असेल तर त्याआधी ही शक्यता तपासा. लिम्फोमा असेल तर नवं यकृत हा इलाज नाही, आणि त्या धावपळीत केमोचे दिवस हातचे जातात.