माटोळीखालचं ताट

मंडळी, गेल्या चवथीला फोंड्याकडच्या एका घरातला व्हिडिओ मी जोडून दिला. पहिल्या फाइलीत आरती: घुमट, शामेळ, कासाळं ही वाद्यं, सगळं टिपेला. दुसरीत आजी माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या चौकटीला, बांधलेली फळं एकेक करून ओळखून दाखवते आहे. दुसऱ्याच दिवशी त्या घरच्यांचा फोन. आजी बोलायला लागली की रिमोट घेऊन आवाज वाढवायचा, आरती पुन्हा लावली की धावत जाऊन कमी करायचा. व्हिडिओ बघायचा कधी?

चूक माझी. दोन्ही फाइली मी नॉर्मलाइझ केल्या होत्या, पण पीकवरून. म्हणजे प्रत्येकीतला सर्वांत मोठा आवाज उणे 1 डीबीवर (डेसिबल; शून्य म्हणजे फाइलीची कमाल मर्यादा) आणून ठेवला. आता आजीच्या फाइलीत कुणाच्या तरी हातून स्टीलचं ताट पडलेलं. ते ताट गेलं उणे 1 वर, आजी राहिली तळाला. नंतर नीट मोजलं, तर आरती उणे 15 लफ्स आणि आजी उणे 33! दहा डीबी वाढले की कानाला साधारण दुप्पट वाटतं. इथे फरक अठराचा.

हे लफ्स म्हणजे कानाच्या जवळ जाणारं माप. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने 2006 मध्ये त्याची पद्धत ठरवली. त्यात अगदी खालच्या घुमाऱ्याला वजन कमी, वरच्या आवाजांना थोडं जास्त. बोलताना माणूस थांबतो, त्या शांत जागा हिशेबातून वगळण्याची सोय पुढे आली. युरोपातल्या प्रसारकांनी 2010 मध्ये उणे 23 हा आकडा धरला. यूट्यूब उणे 14 च्या आसपास चालतं, पण तिथे मोठा आवाज खाली येतो, बारीक आवाज कुणी वर उचलून देत नाही. तो आपणच उचलायचा.

मी एफएफएमपेग या फुकट प्रोग्रॅममधला लाउडनॉर्म हा फिल्टर वापरतो, आणि दोन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत फक्त माप, दुसरीत तेच आकडे देऊन अख्ख्या फाइलीला सारखी वाढ. एकाच फेरीत उरकलं तर तो जागोजागी आवाज वरखाली करतो; आजी श्वास घ्यायला थांबली की मागचा पंखा घरघरत पुढे येतो. दुसऱ्या फेरीतही ताट आडवं येतंच. वाढ दिल्यावर पीक मर्यादेबाहेर जाणार असं दिसलं की तो गुपचूप जुन्या वळणावर, म्हणजे जागोजागी वरखाली करण्यावर, जातो. म्हणून आधी तेवढा ठोका हाताने खाली घ्या, मग दोन्ही फाइली उणे 18 वर आणा. आणि हो, बाहेर येणाऱ्या फाइलीला 48 किलोहर्ट्झ हा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) सांगायला विसरू नका, नाहीतर त्या जुन्या वळणावर तो आवाज 192 वर नेतो. चित्राला हात लावायची गरज नाही, ते तसंच कॉपी करायला सांगता येतं.

ताट कापून टाका, असं त्या घरातला मुलगा म्हणाला होता. मी नाही कापलं. ते पडल्यावर आजी मान न वळवता म्हणते, "फुटलं नाही ना?" आणि पुढचं फळ सांगते. आता ते नीट ऐकू येतं.