दोन उभ्या रेघा आणि एक घडी

मंडळी, विषय 'केवलमूल्य असलेल्या फलांचे आणि संबंधांचे आलेख' असा जाहीर झालाय. फल म्हणजे एका क्षला एकच य देणारा नियम; संबंधात एका क्षला अनेक य चालतात. संबंधांपर्यंत नक्की पोचेन असं म्हणतो खरा, पण मला ओळखणारे आत्ताच हसताहेत.

केवलमूल्यासाठी, म्हणजे संख्येचं चिन्ह सोडून उरणाऱ्या किमतीसाठी, दोन उभ्या रेघांची खूण जर्मन गणिती कार्ल वायरस्ट्रासने १८४१ साली वापरली. मला शाळेत ती एका वाक्यात शिकवली गेली: 'आतलं उणे पुसा, झालं.' मी आज्ञाधारक मुलगा. परीक्षेत य = |क्ष − ३| चा आलेख आला. मी उणे पुसलं आणि लिहिलं, य = क्ष + ३. बरं, पडताळाही घेतला, आणि तिथेच घात झाला. क्षच्या जागी शून्य घातलं, तर दोन्हीकडे ३! १ घातला असता तर एकीकडे २ आणि दुसरीकडे ४ आले असते, चोरी लगेच पकडली गेली असती. पण हातात पेन्सिल असली की माणूस आधी शून्यच घालून बघतो. पट्टी धरून झकास सरळ रेघ मारली. उत्तरपत्रिकेवर लाल शाईचा भोपळा आला. त्याचं केवलमूल्य घेऊनही उपयोग नव्हता.

(हसताय, पण तुमच्यातल्या निम्म्यांनी हेच केलं असणार.)

पुसणं डोक्यातून काढा. |क्ष − ३| म्हणजे क्षचं ३ पासूनचं अंतर. तीनवर उभे राहा. डावीकडे चाला, उजवीकडे चाला, अंतर वाढतच जाणार. म्हणून इंग्रजी व्ही, टोक (३, ०) वर. आणि ते टोक टोकदारच काढा हो! वह्यांमध्ये त्याची वाटी झालेली दिसली की माझा जीव कळवळतो. तिथे उतार −१ वरून एकदम १ होतो, मध्ये वळण नाहीच.

अंतराची आणखी एक गंमत. य = |क्ष − १| + |क्ष − ५| घ्या. १ आणि ५ च्या मध्ये कुठेही उभे राहा, दोन्ही अंतरांची बेरीज ४ च. तळ सपाट, बाजू चढत्या, थेट परात!

अध्यक्षांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय. मी समजलो. आता पळतो.

आलेखाचा कागद घ्या. य = |फ(क्ष)| असेल तर क्ष-अक्षावर घडी घाला, खालचं सगळं वर येतं. क्ष² − ४ चा −२ ते २ मधला बुडालेला भाग उलटून वर येतो, शेंडा (०, ४) वर. य = फ(|क्ष|) असेल तर डावी बाजू खोडायची आणि उजवीची छबी तिथे काढायची. |य| = फ(क्ष) असेल तर खालचं खोडायचं आणि वरच्याची छबी खाली. ही तिसरी घडी पडली की बहुधा फल उरत नाही, संबंध होतो. |य| = क्ष म्हणजे आडवा पडलेला व्ही, एका क्षला दोन य.

शेवटचं. |क्ष| + |य| = ४ ची पहिल्या चरणातली रेघ काढा, दोन घड्यांत चारही चरण भरतात: टोकावर उभा चौरस. त्याच कागदावर |क्ष + य| + |क्ष − य| = ४ काढा. हाही चौरसच, पण अक्षांना समांतर, आणि त्याचे चारही कोपरे पहिल्याच्या बाजूंच्या नेमक्या मध्यावर टेकतात. (२, २) दोन्हीत घालून बघा. आणि आज एक दिवस तरी शून्य घालू नका.