आफ्रिकन पेंग्विन : आधी घर गेले, मग घास

केपटाउनजवळच्या बोल्डर्स किनाऱ्यावर, ग्रॅनाइटच्या गुळगुळीत खडकांमध्ये उभा असलेला हा पक्षी आफ्रिकन पेंग्विन आहे. पेंग्विन म्हटले की बर्फ डोळ्यांपुढे येतो. हा मात्र दक्षिण आफ्रिका आणि नामिबिया या दोनच देशांच्या किनाऱ्यांवर, भर उन्हात वीण करतो. त्याच्या डोळ्यांवरची पिसे नसलेली गुलाबी त्वचा नीट पाहा. अंग तापू लागले की तिच्याकडे जास्त रक्त धावते आणि हवेने ते निवते, म्हणून उन्हात तिचा रंग अधिक गडद होतो.

अंड्यांना आणि पिल्लांना मात्र सावलीच हवी. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे, म्हणजे गुआनोचे, बेटांवर साचलेले जाड थर खणून पेंग्विन त्यांत गार बिळे करत असत. १८४० च्या दशकात हेच थर खत म्हणून ब्रिटनला जाऊ लागले आणि नामिबियाचे इचाबो बेट तर दोन-तीन वर्षांत पार खडकापर्यंत खरवडले गेले. (मुंबईच्या राणीच्या बागेतले हम्बोल्ट पेंग्विन याच कुळातले, दक्षिण अमेरिकेत त्यांच्याही वाट्याला हेच आले.) उघड्यावरच्या घरट्यात ऊन असह्य झाले की पालक पाण्याकडे धावतात आणि टपून बसलेले केल्प गल हे समुद्रपक्षी अंडी पळवतात. अंडी गोळा करून विकण्याचा माणसांचा धंदाही १९६० च्या दशकापर्यंत चालू होता.

२३ जून २००० रोजी ‘ट्रेझर’ हे मालवाहू जहाज डासेन आणि रॉबेन या बेटांदरम्यान बुडाले. तेलाने माखलेले सुमारे १९,००० पेंग्विन स्वयंसेवकांनी धुऊन काढले. तेल न लागलेले तितकेच पक्षी पूर्वेला पोर्ट एलिझाबेथजवळ नेऊन सोडण्यात आले, आणि ते पोहत परत येईपर्यंत पाणी बऱ्यापैकी निवळले होते. या कामगिरीचे कौतुक जगभर झाले आणि ते रास्तच होते. पण पेंग्विनचे खरे दुखणे तेलापेक्षा जुनाट आहे.

हे दुखणे भुकेचे आहे. तारली-मांदेलीच्या जातकुळीतले सार्डिन आणि अँकोव्ही हे मासे त्याचे मुख्य अन्न असून, मासेमारी आणि बदलते समुद्रमान यांमुळे त्यांचे थवे पश्चिम किनाऱ्यावरून केप अगुल्हासच्या, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या, पूर्वेला सरकले आहेत. पेंग्विनला उडता येत नाही, आणि पिल्ले वाढवताना घरट्यापासून फार दूर जाता येत नाही. पिसे बदलताना तर तो सुमारे तीन आठवडे पाण्यात उतरूच शकत नाही; आधी पोट भरून चरबी साठवली नसेल, तर तो किनाऱ्यावरच उपाशी मरतो.

घरट्यांसाठी कृत्रिम बिळे ठेवता येतात, आणि ती ठेवली जात आहेत. मासे मात्र कोणी तरी पकडायचे सोडल्याशिवाय मिळत नाहीत, आणि वाद नेमका तिथेच अडला होता. २०२४ मध्ये ही जात ‘अतिसंकटग्रस्त’ ठरली, तेव्हा वीण करणाऱ्या जोड्या १०,००० हूनही कमी उरल्या होत्या. त्याच वर्षी बर्डलाइफ साउथ आफ्रिका आणि सॅनकॉब या पक्षीसंरक्षण संस्था सरकारविरुद्ध न्यायालयात गेल्या, आणि मार्च २०२५ मध्ये झालेल्या तडजोडीनुसार सहा महत्त्वाच्या वसाहतींभोवतीच्या ठरावीक पाण्यात सार्डिन आणि अँकोव्हीसाठी जाळी टाकायला बंदी आली. पूर्वेला सरकलेले थवे या बंदीमुळे माघारी फिरणार नाहीत. वसाहतींजवळ जे मासे उरले आहेत, त्यांवरचा पहिला हक्क तेवढा तिने पेंग्विनला दिला आहे.