उंदीर शेजारच्या घरातले, त्रास आपल्या परसात

राम राम मंडळी. जळगाव, धुळे, नंदुरबार, इकडं चाळीसगाव अमळनेर, तिकडं शिरपूर शहादा, जिथं कुठं रेडिओ लावून बसला असाल तिथं सगळ्यांना नमस्कार. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, झाली, लेकीबाळी सासरी परत गेल्या, शेतातली कामं थोडी ढिली आहेत आणि पावसाला अजून अवकाश आहे, म्हणून मुद्दाम आजच हा विषय घेतलाय, कारण उंदरांचा बंदोबस्त करायचा असेल तर हेच दिवस चांगले. शेतात खायला काही नाही, पिलांची पैदास कमी असते, आणि एकदा पाऊस पडून बांधावरच्या बिळांत पाणी शिरलं की मग ते सगळे गावाकडं सरकतात, तेव्हा तुमच्या हातात फार काही राहत नाही.

आता त्यातला नाजूक भाग म्हणजे शेजारी. "तुन्हा घरना उंदीर मन्हा घरमा येतस" असं एकानं म्हणायचं आणि दुसऱ्यानं म्हणायचं "मन्हा घरमा एकबी उंदीर नही", आणि मग दोन चांगली बोलती घरं वर्षभर अबोल. मला ह्याचं खरंच वाईट वाटतं, कारण बऱ्याचदा दोघंही खरंच बोलत असतात. उंदीर राहतो एकाकडं आणि जेवायला जातो दुसऱ्याकडं. ज्याच्याकडं तो दिवसा झोपतो त्याला तो दिसतच नाही, आणि ज्याच्याकडं रात्री ढेपेचं पोतं कुरतडतो, बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, डबा उलथा करतो, त्याला वाटतं शेजाऱ्यानं पाळलेत की काय. म्हणून भांडायच्या आधी बघायचं, की आपल्याकडं येतंय काय, कुठून, आणि कशासाठी.

बघायचं कसं ते सांगतो, पैसा लागत नाही. संध्याकाळी मागच्या आंगणात फिरून जेवढी बिळं दिसतील तेवढी ओल्या मातीनं बुजवून टाका, सगळी. सकाळी जी उकरलेली दिसतील ती जिवंत बिळं, बाकीची जुनी, ओसाड, त्यांच्यामागं लागू नका. आणि रात्री भिंतीच्या कडेकडेनं रांगोळी भुरभुरवून ठेवा, बारीक, पातळ थर. उंदीर मोकळ्या आंगणातून कमी जातो, भिंतीला अंग घासत जातो, त्याला ते सुरक्षित वाटतं, त्यामुळं सकाळी रांगोळीवर बारीक पावलं आणि मधे शेपटीची ओढलेली रेघ असं स्वच्छ उमटलेलं मिळतं, कुठून आला कुठं गेला सगळं कळतं. जुनी वाट असेल तर भिंतीच्या खालच्या अंगाला काळपट तेलकट पट्टा पण दिसतो, तो त्यांच्या अंगाचा मळ.

कोण आहे ते पण ओळखा. बिळाच्या तोंडाशी मोकळ्या मातीचा ढीग असेल, ओट्याखाली, गोठ्याच्या कुडाखाली, तर ती घूस, ती जमिनीतली. छतावर, आढ्यावर, केबलच्या वायरीवरून पळणारा, लांब शेपटीचा, तो घरउंदीर, त्याला बिळाची गरज नाही, त्याला निंबाची फांदी पुरते. आणि लांब नाकाची, चिक चिक करत भिंतीकडेनं जाणारी, घाण वास येणारी, ती चिचुंद्री. ती झुरळं किडे खाते, धान्याला तोंड लावत नाही म्हटलं तरी चालेल, तिच्यासाठी विष मांडू नका.

आता आपल्या खान्देशातली खास गोष्ट, जी बाहेरच्या माणसाला सांगितली तरी कळायची नाही. कापूस. भाव येईल, भाव येईल म्हणून घरात, मागच्या खोलीत छतापर्यंत भरून ठेवलेला कापूस. उंदराला त्याच्यापेक्षा चांगली जागा नाही हो, सरकी खायला आणि रुई अंथरायला, दोन्ही एकाच खोलीत, आणि माणूस तिकडं फिरकत पण नाही. उंदरीण साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेताला पाच सहा आठ पिलं, आणि ती पिलं तीनेक महिन्यांत स्वतः व्यायला लागतात. दिवाळीपासून आखाजीपर्यंत कापूस पडून राहिला तर आत काय होत असेल ते तुम्हीच समजा. पण त्या शेजाऱ्याला तुम्ही काय सांगणार, कापूस विकून टाक? त्याचा उत्पादन खर्च निघत नाहीये म्हणून तो थांबलाय, त्याला हौस नाही. तेव्हा कापूस विकायला सांगू नका, एवढंच सांगा की ढीग भिंतीपासून हातभर आत ओढून घे, म्हणजे कडेनं माणूस फिरू शकेल, खाली फळ्या टाक, आणि दाराखालची फट पत्र्याची पट्टी मारून बंद कर. त्यात त्याचाच फायदा आहे, उंदराच्या लेंड्या पडलेला, कुरतडलेला कापूस व्यापारी बघताक्षणी भाव पाडतो.

दुसरं म्हणजे पऱ्हाट्या, कपाशीची वाळलेली झाडं. कापूस निघाला की चुलीसाठी म्हणून पऱ्हाट्यांचे भारे मागच्या भिंतीला लावून रचायचे ही आपली पद्धत, आणि बहुतेक वेळा ती भिंत सामाईक असते. तीन तीन वर्षांच्या जुन्या पऱ्हाट्या पडलेल्या असतात, गॅस आला तरी ढीग तसाच. तो ढीग उचलला की खाली काय निघतं माहितीय का, रुईचा मऊ गोळा, त्यात डोळे न उघडलेली लालगुलाबी पिलं, शेंगांची टरफलं, कुणाच्या तरी घरातून ओढत आणलेला साबणाचा तुकडा. गवऱ्यांच्या रचाईचं, जुन्या कवेलूंच्या ढिगाचं, मोडक्या बैलगाडीचं तेच. मात्र ढीग हलवताना एकदम हात घालू नका, आधी काठीनं चांगलं आपटा, पायात बूट घाला, कारण जिथं उंदीर तिथं त्याच्यामागं नाग, घोणस येणारच. धामण दिसली तर तिला मारू नका, ती बिनविषारी आहे आणि तिचं पोटच उंदरांवर आहे. गव्हाणी घुबडाचं पण तसंच, लोक अपशकुन म्हणून दगड मारतात, अरे तो पक्षी रात्रभर तुमचं काम करतोय.

मग शेजाऱ्याशी बोलायचं कसं. मी कितीतरी गल्ल्यांमधे बघितलंय, तक्रार घेऊन गेलं की दार बंद, काम घेऊन गेलं की दार उघडं. "काकू, तुमच्या पऱ्हाट्यांमुळं आम्हाला त्रास होतोय" ह्याच्याऐवजी "काकू, रविवारी पोरं मोकळी आहेत, आमच्या पण पऱ्हाट्या हलवायच्याच आहेत, दोन्ही घरच्या बरोबरच काढून टाकू, चालेल का?" एवढंच बोलायचं. त्या घरात एकटी म्हातारी असेल, नाना गुडघ्यानं अधू असतील, पोरं सुरतेला नाहीतर पुण्याला असतील, तर त्यांच्याच्यानं होत नाही हो, मनात असलं तरी. आणि बोलायला जाताना आपलं आंगण आधी आवरलेलं पाहिजे. आपल्याकडं कोंबड्यांची चुरी सांडलेली, ढेपेचं पोतं उघडं, रात्रीची खरकटी भांडी मागच्या मोरीत, आणि आपण शेजाऱ्याला शिकवायला चाललो, असं नको.

आपल्या बाजूचं काम तसं सोपं आहे पण चिवटपणे करावं लागतं. ढेप, भरडा, दादर ज्वारी, बाजरी जे काय असेल ते पत्र्याच्या कोठीत, झाकण घट्ट, आणि कोठी विटांवर उचलून. पोतं कितीही जाड असू द्या, उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, त्याला कुरतडावंच लागतं. कुत्र्याला भाकरी टाकता ना, टाका, पण त्यानं खाल्ल्यावर राहिलेली उचला. बिळं सिमेंटमधे काचेचे तुकडे घालून बुजवा, धाब्याच्या घराच्या मातीच्या भिंतीत नुसता मातीचा लपका मारून उपयोग नाही, दुसऱ्या रात्री तिथंच उकरतात. बोट जाईल एवढ्या फटीतून बारीक उंदीर आत येतो, त्यामुळं मोरीच्या पाइपाला पाव इंची जाळी लावा. आणि छताला टेकलेली फांदी छाटा.

आता विष. सगळे पहिल्यांदा विषच विचारतात म्हणून मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. एकट्यानं आपल्या आंगणात विष टाकलं, दहा उंदीर मेले, बाजूच्या घरात खाणं आणि निवारा तसाच आहे, तर पावसाळा सुरू व्हायच्या आत ती जागा दुसरे उंदीर भरून काढतात. म्हणून आधी खाणं आणि आसरा काढा, दोन्ही बाजूचा, मग पिंजरा, आणि तेवढ्यानं भागलं नाही तरच विष. पिंजऱ्यात भजं, भाजलेलं खोबरं, तेल लावलेला भाकरीचा तुकडा लावा, पण पिंजरा पहिले दोन तीन दिवस न लावता नुसता उघडा ठेवा, कारण मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, सवय होऊ द्या. आणि सापडलेला उंदीर दुसऱ्या गल्लीत, नाल्यापलीकडं नेऊन सोडायचा, हे बरोबर नाही भो, आपला त्रास दुसऱ्याच्या दारात टाकला तर शेजाऱ्याला नावं ठेवायचा हक्क राहत नाही.

विषात ती काळी पावडर येते, झिंक फॉस्फाइड, लसणासारखा वास. त्याची गंमत अशी की उंदरानं थोडं चाखलं आणि पोटात दुखलं तर तो पुन्हा त्याला शिवत नाही, म्हणून आधी दोन तीन दिवस साधाच भरडा तेल लावून ठेवायचा आणि मग त्यात विष. ब्रोमाडिओलोनच्या वड्या मिळतात, त्या हळू काम करतात, काही दिवसांनी, त्यामुळं उंदराला संशय येत नाही. दोन्ही विषं माणसाला, मांजराला, कोंबडीला पण घातक. जुन्या पाइपाच्या तुकड्यात ठेवा, ढेपेजवळ अजिबात नको, आणि शेजाऱ्याला सांगितल्याशिवाय तर नकोच, त्यांचं लेकरू रांगतं असेल, त्यांची मांजर मेलेला उंदीर खाईल. मेलेले उंदीर हाताला पिशवी घालून उचला आणि खोल पुरा. चुकून लेकरानं तोंडात घातलं तर मिठाचं पाणी पाजत बसू नका, पाकीट सोबत घ्या आणि सरळ दवाखान्यात. लेकरू खेळतंय, काही झालं नाही असं वाटलं तरी जा, कारण ब्रोमाडिओलोननं होणारा रक्तस्राव काही दिवसांनी सुरू होतो आणि त्यावर डॉक्टरांकडं व्हिटॅमिन केचं औषध आहे, झिंक फॉस्फाइडला उतारा नाही.

आणि एक हात जोडून सांगतो, धान्यात ठेवायच्या त्या गोळ्या, अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या, घरालगतच्या बिळात कुणी टाकायला सांगितल्या तर ऐकू नका. त्यातून फॉस्फिन गॅस निघतो, बिळातून भिंतीच्या भेगेतून आत शिरतो, शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसाला समजत पण नाही. सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाले ह्यांनीच त्या वापरायच्या असा नियम आहे, तो उगाच नाही.

लेंड्या झाडताना कोरड्या झाडू नका, धूळ नाकात जाते. ब्लीचिंगचं पाणी शिंपडा, थोडं थांबा, मग पुसून घ्या. पावसाळ्यात चिखलात अनवाणी, पायाला चिरा पडलेल्या, आणि त्या पाण्यात उंदराचं मूत असेल तर लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा आजार, होतो, ताप आणि पोटऱ्या दुखायला लागल्या तर अंगावर काढू नका. प्लेग तर आपल्याला माहीत आहे. 1994 च्या सप्टेंबरात सुरतेत साथ आली तेव्हा उधना, लिंबायतला आपलीच किती माणसं होती, घरोघरी जीव टांगणीला लागला होता. त्याच्या आधी ऑगस्टमधे बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर मरून पडायला लागले होते. म्हणून विष टाकलेलं नसताना गल्लीत उंदीर पटापट मरताना दिसले तर हात लावू नका, त्याच्या अंगावरच्या पिसवा माणसावर येतात, लगेच आशाताईंना नाहीतर आरोग्य केंद्रात कळवा.

राहिलं बंद घर. वाटणीच्या वादात पडलेला वाडा, मालक चार ठिकाणी, कुलूप गंजलेलं. तिथं तुम्ही स्वतः कुलूप तोडून आत जाऊ नका. आधी फोन करा, वारसांपैकी कुणीतरी चांगला असतोच, त्याला म्हणा किल्ली पाठवा, आम्ही साफ करून देतो, फोटो पाठवतो. नाहीच ऐकलं तर गल्लीतल्या चार पाच घरांच्या सह्या घेऊन ग्रामपंचायतीत लेखी अर्ज, शहरात असाल तर नगरपालिकेच्या आरोग्य विभागात, आणि अर्जाची पोच घ्या. आरोग्याला धोका होईल अशी घाण काढून टाकायला मालकाला नोटीस देता येते. तोंडी सांगून काम होत नाही, एकट्याच्या अर्जानं उशीर होतो.

ज्यांच्याकडं कापूस अजून पडलाय त्यांनी ढीग ह्याच आठवड्यात भिंतीपासून सोडवा. आणि श्रावणात कानबाईच्या सणाआधी घर आवरायला, रंगवायला काढाल तेव्हा परत एकदा बिळं बुजवून बघा, दोन्ही घरची, एकाच संध्याकाळी. चला, राम राम.